खडूची रेघ

क्लबातली माणसं त्याला काटेकोर म्हणत. हे नाव आपल्याला चिडवायला ठेवलंय हे काही त्याला कळलं नव्हतं, त्याला ती पदवीच वाटे. धंद्याने तो चष्म्याच्या काचा घासणारा. आठवडाभर कुणाच्या तरी नजरेचा पाव नंबर इकडे की तिकडे यात डोकं घालून बसायचं आणि महिन्याच्या दुसऱ्या नि चौथ्या रविवारी थोरल्या बहिणीच्या शर्यतीच्या गाडीची चाकं सांभाळायची, एवढंच त्याचं जग. घरी बायको त्याला मिठाचा अंदाजसुद्धा विचारत नसे, पण क्लबात त्याने टायरला हात लावून आकडा सांगितला की तो आकडा शेवटचा.

गाडी म्हणजे काही फार थाटाची नव्हती. ताईची मुलं ज्या छोट्या मोटारीतून शाळेत गेली, तीच ती. मुलं मोठी झाली, मागची सीट निघाली, आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा बसला आणि दारावर नंबर रंगवला गेला. भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, पाणीपुरवठ्याच्या पंपांवर मेकॅनिक होते. इंजिन त्यांच्याकडे, स्टिअरिंग ताईकडे आणि जमिनीला टेकतं ते सगळं काटेकोरकडे, अशी वाटणी होती. ताई दातांची डॉक्टर. वय एक्कावन्न. पेशंटला "दुखणार नाही" असं खरं सांगणारी ती त्या भागातली एकटीच डॉक्टर असावी.

त्या वर्षी मोसम सुरू होण्याआधी गाडीला नवी चाकं घ्यायची ठरली. जुनी लोखंडी होती, दोन वाकलेली, आणि जड. टायरवाल्या वस्तादाच्या दुकानात दोन जोड होते. एक रुंद, चकचकीत, पाच दांड्यांचा. दुसरा अरुंद, राखी रंगाचा, कुणाच्या तरी गाडीवरून उतरलेला. ताईचा जीव रुंद जोडावर गेला, वस्तादही त्याचंच गुणगान करत होता. काटेकोरने पिशवीतून घरचा वजनकाटा काढला आणि दुकानाच्या फरशीवर ठेवून एकेक चाक तोलायला सुरुवात केली.

"काटेकोरराव, चाकं घेताय की भाजी?" वस्ताद म्हणाला. दुकानातली सहा गिऱ्हाइकं हसली.

पण रुंद चाक अडीच किलोने जड निघालं. मग काटेकोरने तिथेच सगळ्यांची शिकवणी घेतली. चाकातला प्रत्येक किलो नुसता वाहायचा नसतो, फिरवायचाही असतो आणि थांबवायचाही असतो. एवढ्या हलक्या गाडीवर रुंद टायर घातला तर तो शर्यत संपेपर्यंत गरमच होत नाही आणि गार टायर रस्ता धरत नाही. शिवाय हे चाक इतकं बाहेर येतं की वळताना टायर पत्र्याला घासणार. त्याने पट्टी लावून बोटभर अंतर दाखवलं. म्हणणं बरोबर होतं, यात वाद नाही. ताईने एकदा रुंद चाकांकडे बघितलं आणि राखी जोड बसवायला सांगितलं.

टायर चढले. वस्तादाने हवा बघायला खिशातून आपला पेनासारखा जुना गेज काढला, ज्यावरचे आकडे बोटांनी घासून अर्धे गेले होते. काटेकोर त्या सहा गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "ते खेळणं ठेव खिशात," आणि स्वतःचा गेज काढला. गोल, काचेचा, बारीक रेघांचा, चामड्याच्या पिशवीत ठेवलेला. तीन वर्षांपूर्वी ताईला पहिलं बक्षीस मिळालं तेव्हा तिने तो त्याला दिला होता आणि सगळ्यांसमोर सांगितलं होतं की बक्षीस माझं नाही, छोट्याच्या हवेचं आहे. छोट्या म्हणजे हाच. तेव्हापासून त्या गेजला कुणी हात लावलेला त्याला खपत नसे. वस्तादाने आपलं खेळणं खिशात ठेवलं.

आता खरी गोष्ट. त्याच दिवशी दुपारी, ताईच्या घरामागच्या शेडमध्ये, त्याने गेज गाडीच्या बॉनेटवर ठेवला आणि पाना घ्यायला वळताना त्याचा कोपर लागला. गेज सिमेंटच्या जमिनीवर कडेवर आपटला, दोन गिरक्या घेऊन थांबला. भाऊजी आत चहा आणायला गेले होते. काटेकोरने तो उचलला, शर्टाला पुसला. काच शाबूत होती. काटा शून्यावर होता. काटा शून्यावर आहे म्हणजे झालं, असं तो स्वतःशी म्हणाला आणि गेज पिशवीत घातला.

दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर याने त्याची सालटी काढली असती. बंद घड्याळही दिवसातून दोनदा बरोबर वेळ दाखवतं. पडलेला गेज दुसऱ्या गेजशी ताडून बघायचा, हे तो नव्या लोकांना शिकवायचा. पण दुसरा गेज जवळपास एकाकडेच होता आणि त्याला सकाळीच खेळणं म्हणून झालं होतं. आता तेच खेळणं मागायला कुठल्या तोंडाने जायचं? तो गेला नाही.

शर्यतीचा रस्ता म्हणजे गावाबाहेरची बंद पडलेली धावपट्टी होती. तिच्याभोवती क्लबाने वळणं आखली होती आणि त्यातलं एक लांबलचक वळण असं होतं की तिथे माणसाची खरी परीक्षा व्हायची. मोसमातल्या पहिल्या रविवारी ताई चार फेऱ्या मारून आली आणि म्हणाली की गाडी मागून सुटते आहे, साबणावर चालल्यासारखी. काटेकोरने गरम टायरची हवा बघितली. तीस पौंड. त्याला हवी होती तीसच. मग तो वाकून खडू बघायला लागला.

खडूची ही युक्ती त्याची लाडकी. गाडी सुटायच्या आधी प्रत्येक टायरच्या खांद्यावर, म्हणजे तळ आणि बाजू जिथे मिळतात तिथे, पांढऱ्या खडूची आडवी रेघ ओढायची. वळणात टायर वाकतो आणि जेवढा वाकतो तेवढी रेघ रस्त्यावर पुसली जाते. टायरच्या कडेला कंपनीने छोटा त्रिकोण कोरलेला असतो, तिथपर्यंत रेघ पुसली गेली तर सगळं ठीक. त्या दिवशी रेघ जेमतेम नखभर पुसली होती. याचे अर्थ दोनच. एक तर टायरमध्ये हवा जास्त आहे, नाहीतर गाडी चालवणारा वळणात जोर करतच नाही. हवा तर तीस होती, गेज हातात होता. मग उरला एकच अर्थ, आणि तो त्याने बोलून दाखवला.

"ताई, तू कचरतेस. हे बघ, खडू पुसलेलाच नाही."

ताईने वाकून रेघ बघितली. बराच वेळ बघितली. मग म्हणाली, "असेल बाई."

ती भांडली असती तर बरं झालं असतं. पण धाकट्या भावाच्या मोजण्यावर तिचा इतका विश्वास होता की स्वतःच्या पाठीला गाडी सरकताना कळत होतं तरी तिने ते खोटं मानलं. पुढचे दोन महिने हेच चाललं. वस्तादाने चाकांचा कल बदलून पाहिला, पुढचे टायर मागे घालून पाहिले. काटेकोरने हवा दोन पौंड उतरवली. त्याहून कमी केली तर टायर रिमवरून सुटेल अशी त्याची खात्री होती, म्हणून तिथे थांबला. आणि दर रविवारी खडूची रेघ तशीच्या तशी परत यायची आणि तो ती ताईला दाखवायचा. एकदा भाऊजी म्हणाले की अरे गाडीतच काही असेल. ताईच त्यांच्यावर करवादली. म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं, असं माझ्याकडून नाही होणार."

मोसमातल्या तिसऱ्या रविवारी लांब वळणावर गाडी गर्रकन फिरली आणि उलट्या तोंडाने गवतात गेली. कुणाला लागलं नाही. ताई हळूहळू गाडी परत घेऊन आली, इंजिन बंद केलं आणि हेल्मेट न काढता तशीच बसून राहिली. काटेकोर खिडकीशी गेला तर ती आपल्या हातांकडे बघत होती. दोन्ही हात मांडीवर, तळवे खाली.

त्यांच्या आईचे हात बावन्नाव्या वर्षी थरथरायला लागले होते. आधी कप बशीत वाजायला लागला, मग बटणं लागेनात, मग सही. शेवटची सहा वर्षं ताईच तिला भरवायची. काटेकोरलाही ते सगळं आठवत होतं. खिडकीशी उभा असताना त्या क्षणी त्यालाही तेच आठवलं. आणि त्याने काय केलं, तर खाली वाकून खडूची रेघ बघितली.

मोसमातल्या चौथ्या रविवारनंतर आठवड्याभराने त्याने बायकोच्या गाडीत वस्तादाकडून हवा भरून आणली. बत्तीस पौंड, असं वस्तादाने सांगितलं होतं. घरी येऊन काटेकोरने सवयीने आपला गेज लावला. सव्वीस. दुसऱ्याची चूक सापडली की त्याला जेवण गोड लागे. तो तीच गाडी घेऊन तडक दुकानात गेला आणि वस्तादाला म्हणाला की तुझं खेळणं सहा पौंडांनी खोटं बोलतंय, लोकांच्या जिवाशी खेळू नकोस.

वस्ताद उठला. आत जाऊन त्याने एक खोका आणला, त्यातून कोरा करकरीत गेज फोडून काढला आणि काटेकोरच्या हातात दिला. काटेकोरने तो लावला. बत्तीस. मग वस्तादाचा पेनासारखा गेज लावला. बत्तीस. मग स्वतःचा. सव्वीस. त्याने तिन्ही पुन्हा लावले. दोन महिने तो तीस म्हणून छत्तीस भरत होता. दगडासारखे टायर घेऊन ताई त्या लांब वळणात शिरत होती आणि हा तिला रेघ दाखवत होता.

"तुझा गेज कधी पडला होता का?" वस्तादाने विचारलं.

"नाही," काटेकोर म्हणाला.

वस्तादाने त्याच्याकडे पाहिलं आणि नवा गेज पुन्हा खोक्यात ठेवू लागला. म्हणाला की डॉक्टरीणबाईंना सांग म्हणजे झालं, होतं असं. काटेकोर हो म्हणाला. हे त्या दुपारचं त्याचं दुसरं खोटं.

कारण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? गेज खराब झाला, एवढं सांगणं सोपं होतं. पण ताई विचारणार, कशाने? पडला. कधी? पहिल्याच दिवशी. मग ताडून का नाही बघितलास? आणि त्याचं उत्तर इतकं फालतू होतं की ते तोंडातून काढायचीच त्याला लाज वाटत होती. वस्तादाला खेळणं म्हणालो होतो, म्हणून. एवढ्यासाठी बहिणीला दोन महिने हातांकडे बघायला लावलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं त्याने ठरवलं. गावाच्या दुसऱ्या टोकाच्या दुकानातून अगदी तसाच गेज आणला, चामड्याच्या पिशवीत घातला आणि जुना आपल्या कामाच्या खणात, काच पुसायच्या फडक्यांखाली दडवला. आता हवा बरोबर भरली जाईल, गाडी सुधारेल, ताई पुन्हा पहिल्यासारखी चालवेल आणि कुणालाच काही कळायचं कारण नाही. माणूस स्वतःला किती शहाणा समजतो त्याचा हा नमुना.

पुढच्या रविवारी हवा बरोबर होती आणि गाडीही सुधारली. ताई फेऱ्या मारून आली. त्याने वाकून पाहिलं तर रेघ अर्ध्यावरच पुसलेली. भाऊजींनी दोन फेऱ्या मारल्या, तेव्हा मात्र ती बरोब्बर त्रिकोणापर्यंत पुसली गेली. ताईला जो धडा मिळायचा तो मिळाला.

"गाडी उत्तम आहे," ती म्हणाली. "मलाच आधी पाय उचलावासा वाटतो. म्हणजे मीच आहे रे छोट्या." हे ती हसून म्हणाली. काटेकोर खाली वाकून व्हॉल्व्हच्या टोप्या लावू लागला.

गेजचं कळल्यापासून असे पाच आठवडे गेले. त्या काळात तो रोज सांगायचं ठरवायचा आणि रोज काहीतरी आडवं यायचं. खरं तर आडवं काही येत नव्हतं, तोच आडवा होत होता. ताईचा फोन वाजला की तो बायकोला उचलायला सांगायचा. वस्ताद रस्त्यात दिसला तर तो पलीकडच्या फुटपाथवर जायचा. दुकानात काच घासताना खण उघडावा लागे आणि फडक्यांखालचा तो गोल आकार बोटांना लागे. एके दिवशी एका म्हातारबाबांना त्याने चुकून उजव्या डोळ्याची काच डाव्या डोळ्याला बसवून दिली. बाबा दुसऱ्या दिवशी परत आले आणि म्हणाले, माझी नजर गेली वाटतं. काटेकोरने चष्मा हातात घेतला, चूक बघितली आणि म्हणाला, "नजर ठीक आहे तुमची, बाबा. मी चुकलोय." बाबा खूश होऊन गेले. इतकं सोपं होतं ते. तो नंतर बराच वेळ मागच्या खोलीत स्टुलावर बसून राहिला.

शेवटच्या शर्यतीच्या आदल्या आठवड्यात तो शेडमध्ये गेला तर भाऊजी एकटेच होते. बेल्ट बदलता बदलता, मान वर न करता ते सांगायला लागले. ताई मज्जातंतूंच्या डॉक्टरकडे दोनदा जाऊन आली. डॉक्टर म्हणाले, सध्या काही दिसत नाही, पण घरात होतं म्हणता तर तीन महिन्यांनी पुन्हा या. ते 'सध्या' तिने धरून ठेवलंय. दाढेच्या मुळाची नाजूक कामं ती आता दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवते. ही शर्यत झाली की गाडी विकायची म्हणते आणि वर्ष संपताना दवाखानाही बंद करायचा.

"मी म्हटलं तिला, गाडीचं काही असेल," भाऊजी म्हणाले. "तर म्हणाली, छोट्या मोजतो. छोट्याने मोजल्यावर गाडीचं काही नसतं."

त्या वेळी धरणीने दुभंगून पोटात घेतलं असतं तर काटेकोर आनंदाने गेला असता. पण शेडच्या सिमेंटला तसली सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो दवाखान्यात गेला. एकदम सांगायची हिंमत होईना म्हणून दाढ ठणकते असं सांगून खुर्चीत बसला. ताईने दिवा खाली ओढला, मास्क लावला आणि आरसा तोंडात घातला. मग ती बारीक आकडी घेऊन एकेक दात चाचपू लागली. आकडीचं टोक दाढेच्या खाचेत टेकलं, थांबलं, केसभर सरकलं, पुन्हा थांबलं. काटेकोरने आयुष्यभर बारीक कामच केलं होतं. स्थिर हात म्हणजे काय हे त्याला दुसऱ्या कुणी सांगायला नको होतं. त्याच्या स्वतःच्या तोंडात तो हात होता आणि तो हात दगडासारखा स्थिर होता. डोळ्यांच्या कडांतून पाणी कानाकडे ओघळलं. ताईला वाटलं दुखलं, तिने हात काढला.

तो उठून बसला, चूळ भरली आणि बेसिनकडे बघतच सगळं सांगितलं. बॉनेट, कोपर, शून्य, वस्तादाचं खेळणं, बत्तीस आणि सव्वीस, नवा गेज. त्याने काही वगळलं नाही. वगळायला पाच आठवडे होते, ते झाले होते.

ताईने मास्क काढला. ती ओरडली नाही. गेज का पडला, ताडून का बघितला नाही, ज्या प्रश्नांना तो एवढा भ्यायला होता त्यातला एकही तिने विचारला नाही.

"तुला केव्हा कळलं?"

"पाच आठवडे झाले."

ती मनातल्या मनात काहीतरी जुळवत होती, हे त्याला दिसलं. डॉक्टरकडच्या दोन खेपा, दुसरीकडे पाठवलेले पेशंट, आणि अशा कितीतरी रात्री ज्या त्याला माहीतही नव्हत्या. मग तिने हातमोजे काढून डब्यात टाकले.

"ऊठ," ती म्हणाली. "बाहेर पेशंट थांबलाय. आणि शनिवारी सरावाला जुना गेज घेऊन ये."

शनिवारी तो जुना गेज घेऊन धावपट्टीवर गेला. भाऊजींनी त्याच्याकडे पाहून मान वळवली, त्यावरून त्यांना कळलंय हे त्याला समजलं. वस्ताद दुसऱ्या कुणाचा तरी टायर चढवत होता. ताईने काटेकोरला सांगितलं की तेव्हा जशी भरायचास तशीच हवा भर, याच गेजने. त्याने गुडघ्यावर बसून चारही चाकांत तसली हवा भरली. मग ताईने शेजारच्या सीटकडे बोट केलं आणि भाऊजींनी एक हेल्मेट त्याच्या हातात दिलं.

इतक्या वर्षांत तो कधी त्या गाडीत बसला नव्हता. तो नेहमी कडेला उभा राहून आकडे सांगणारा. दुसऱ्या फेरीत गाडी लांब वळणात शिरली आणि मागचा भाग त्याच्या पाठीखालून निघून गेला. जमीन खिडकीतून आडवी धावायला लागली. त्याने दार गच्च धरलं आणि समोर बघायच्या ऐवजी ताईच्या हातांकडे बघितलं. हात किंचित उलटे फिरले, थांबले, परत आले. बस एवढंच. गाडी सरळ झाली. पुढच्या फेरीत पुन्हा तसंच, त्याच्या पुढच्या फेरीत आणखी वेगाने. या असल्या टायरांवर दोन महिने तिने गाडी रस्त्यावर ठेवली होती आणि तो तिला म्हणत होता, तू कचरतेस. मेल्याहून मेल्यासारखं होतं म्हणजे काय, ते त्याला त्या वळणात कळलं.

पाचव्या फेरीनंतर ताईने पलीकडच्या टोकाला, जिथे कुणी नव्हतं, गाडी थांबवली आणि इंजिन बंद केलं. हातमोजे काढले. दोन्ही हात समोर धरले, बोटं पसरून, त्याच्या डोळ्यांपुढे.

"थरथरतायत?"

"नाही."

"हे तू मला पाच आठवड्यांपूर्वी सांगू शकला असतास," ती म्हणाली आणि मग तिला रडू आलं. तिने त्याला जवळ घेतलं नाही. त्याचीही हात पुढे करायची हिंमत झाली नाही. दोघं हेल्मेट घालून शेजारी शेजारी बसून राहिले, एक रडत आणि एक समोर बघत.

दुसऱ्या दिवशी शर्यत होती. ताईने ना गाडी विकायचं काढलं, ना दवाखाना बंद करायचं. सकाळी काटेकोर सवयीने नवा गेज घेऊन पहिल्या चाकाशी बसायला गेला, तर ताई आधीच तिथे गुडघे टेकून बसली होती. तिच्या हातात वस्तादाचा पेनासारखा गेज होता. वस्ताद मागे उभा होता, पण तो हसला नाही. तो हसला असता तर काटेकोरला बरं वाटलं असतं.

तिने पहिल्या चाकाच्या व्हॉल्व्हची टोपी काढली आणि न बघता बाजूला धरली. काटेकोरने हात पुढे केला. तिने टोपी त्याच्या तळहातावर ठेवली. गेज लावला, आकडा बघितला, थोडी हवा सोडली, पुन्हा बघितला. आकडा काय आला ते तिने सांगितलं नाही आणि त्याला विचारवलं नाही. मग दुसरं चाक, तिसरं, चौथं. गुडघ्यांवर हात ठेवून ती दर वेळी उठायची आणि दर वेळी थोडं कण्हायची. चारही चाकं झाल्यावर तिने खडू घेतला आणि चार रेघा स्वतःच ओढल्या, थोड्या वाकड्या.

त्या दिवशी ती चौथी आली. चारही रेघा त्रिकोणापर्यंत पुसल्या होत्या. तिने त्या एकटीने वाकून बघितल्या आणि भाऊजींना दाखवल्या. मग गरम टायरची हवा बघायला ती पुन्हा गुडघ्यावर बसली आणि टोप्या काढू लागली.

पुढच्या मोसमातही असंच चाललं आणि त्याच्या पुढच्याही. ताई त्याच्याशी बोलते, चहा देते, त्याची ती दाढही तिनेच भरली. छोट्याच म्हणते. पण हवा ती स्वतः बघते. तो शेजारी उभा असतो, मुठीत चार टोप्या घेऊन, आणि ती मागेल तेव्हा एकेक देतो.